मंगळवारचा फॉर्म

फॉर्मच्या रंगाचं सोडा हो. निळा ठेवा, हिरवा ठेवा, झुरळांना काय फरक पडतोय? मी काय विचारलं ते सांगा आधी — एकाच माणसाला अडवता येतं का तुमच्यात? म्हणजे बाकी सगळ्या जगाने मोबाइलवर फॉर्म भरावा, पण एका ठरावीक नंबरवरून आला तर घ्यायचाच नाही. येतं? नक्की? नाही, माझ्या जुन्या फॉर्ममध्ये मला सापडलं नाही म्हणून विचारतोय. बसा ना, उभे का — ती नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. वास येतोय ना? येणारच. बावीस वर्षं औषध फवारतोय लोकांच्या घरात, या खोलीच्या भिंतीत मुरलाय तो. मला येत नाही आता. बायको म्हणते, तुमच्या उशीलासुद्धा येतो.

तुमच्याआधी तीन जणांचे फॉर्म बघितले मी. असं समजू नका की पहिलाच दिसला आणि बोलावला. एकाचा चांगला होता, पण खाली जाहिराती — माझ्या ग्राहकाने ढेकणांसाठी फॉर्म उघडायचा आणि खाली गाद्यांची जाहिरात, हे काय बरं दिसतं? दुसऱ्याच्यात आपली अक्षरं फुटतात, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. तिसऱ्याला महिन्याला शंभरच फॉर्म चालतात, एकशे एकावा आला की दार बंद. मी म्हटलं, आमच्या धंद्यात उन्हाळ्यात आठवड्याला शंभर होतात, पुढच्यांना काय मी झुरळं पाळा म्हणून सांगू? — हसा हसा. तुमच्यात तसलं काही नाही, ते वाचलंय मी. सगळं वाचलंय. आणि आजच करायचंय, कारण जुन्याची मुदत आज संपते. आज बंद नाही केलं तर पुढच्या वर्षासाठी आपोआप चालू. तुमच्या लोकांची ही आपोआपची फार आवड आहे बुवा.

आधी काही नव्हतं यातलं. फोन होता आणि बायको होती. ते बघा, त्या टेबलावर बसायची — वही, पेन आणि तो जाड चष्मा. कोणी फोन केला की हिची उलटतपासणी सुरू. किती खोल्या, कुठे दिसतात, रात्री की दिवसा, आणि मग — घरात आणखी कोण कोण आहे? लहान मूल? म्हातारं माणूस? दमा कोणाला? मासे, पोपट? मी वैतागायचो. म्हणायचो, अगं, फवारणी करायचीय, सोयरीक नाही जुळवायची! पण ती विचारायचीच. आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला परत फोन — उद्या येतायत हं आमची माणसं, आजींना शेजारी बसवा, माशांच्या टाकीवर ओली चादर टाका. प्रत्येकाला. इतक्या वर्षांत एक फोन चुकला नाही तिचा. लोकांना सवय झाली होती. तिचा फोन आला म्हणजे उद्या माणसं येणार, नाही आला म्हणजे येत नाहीत — इतकं सरळ.

मग ती गेली लेकीकडे, नातीच्या वेळी. तीन महिने. फोन आला माझ्या गळ्यात. मला कुठे जमतंय हो ते? मी शिडीवर, तोंडाला मास्क, आणि खिशात फोन कोकलतोय. भाचा म्हणाला, मामा, कुठल्या जमान्यात आहेस, फॉर्म कर. केला. हिचेच प्रश्न, हिच्याच क्रमाने. आणि नियम असा ठेवला की त्या एका प्रश्नाला — घरात आजारी, म्हातारं किंवा लहान कोणी आहे का — 'हो' आलं तर आदल्या संध्याकाळी मी फोन करायचा. 'नाही' आलं तर फोन नाही, माणसं थेट. बरोबर आहे की नाही? प्रत्येकाला कशाला फोन? मला तर फार हुशारी केल्यासारखं वाटलं तेव्हा.

एक विचारू? तुमच्यात एखाद्या प्रश्नाचं उत्तर आधीच भरून ठेवता येतं का? म्हणजे फॉर्म उघडतानाच टिक केलेलं. — येतं. माहीत होतं मला, सगळ्यांच्यात येतं. का देता हो ही सोय? नाही, मी भांडत नाहीये, सहज विचारतोय. 'ग्राहकाचा वेळ वाचतो.' हां. मलाही हेच सांगितलं होतं त्या जुन्यावाल्याने. त्याच्याकडे एक आलेख होता — लोक कुठल्या प्रश्नावर फॉर्म अर्धा सोडून जातात त्याचा. माझ्यात सगळे त्याच प्रश्नावर अडकत होते. अडकणारच की! म्हातारं म्हणजे किती म्हातारं, सासूबाई आहेत पण धडधाकट आहेत, मूल आहे पण शाळेत असतं — माणूस विचार करत बसतो आणि मग फोन ठेवून देतो. फोनवर बायको असती तर तिने उलगडून घेतलं असतं. फॉर्म थोडाच उलगडतो? तर तो म्हणाला, उत्तर आधीच भरून ठेवा, बहुतेकांचं जे असतं ते. बहुतेकांचं काय असतं? 'नाही' असतं. मी 'नाही'वर टिक करून ठेवली. मीच. याच खुर्चीत बसून. ज्याचं वेगळं असेल तो बदलेल की, मला वाटलं. पंधरा दिवसांत फॉर्म दीडपट यायला लागले. भाच्याला सांगितलं बघ म्हणून.

तुमच्याकडे इतिहास राहतो का? राहतो ना — कोणी, कधी, काय बदललं ते? जुन्यातही राहतो. फार बारीक राहतो, मिनिटासकट. आणि जुनं खातं बंद केलं की तो इतिहास कुठे जातो? — आलेले फॉर्म तुम्ही इकडे आणाल ते कळलं, ते आणा. मी बदलांचं विचारतोय. — पुसला जातो. कायमचा? तुम्हालासुद्धा परत काढता येणार नाही? — असं. नाही, काही नाही. चांगलंच आहे. पाणी घेता का?

एक बाई होती, जुनी गिऱ्हाईक. लग्न नाही झालेलं, नोकरी करायची आणि आईला सांभाळायची. आईला दमा. चार वेळा गेलो असू आम्ही त्या घरी, चारही वेळा आजी शेजारच्या शिंप्याकडे जाऊन बसायच्या, शिलाई बघत. किल्लीही त्या शिंप्याकडेच असायची. पाचव्या वेळी तिने फॉर्म भरला — नवीन होता ना, फोन लावला की आता मोबाइलवर फॉर्मच यायचा. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून भरला म्हणे, घाईत. नाव, पत्ता, खोल्या, वार मंगळवार. बस्स. आणि मग ती वाट बघत राहिली फोनची. सोमवारी संध्याकाळी फोन आला नाही. येईल कसा, फॉर्मवर 'नाही' होतं! तिला वाटलं उद्या येत नाहीत. आईला औषध दिलं, मागच्या खोलीचं दार लोटलं आणि गेली कामावर. आणि माझी माणसं — एक लंबू आणि एक मास्तर, दोघंही चांगली माणसं, हातात कागद, कागदावर 'नाही' — शिंप्याकडून किल्ली घेतली. शिंपी गिऱ्हाइकाचं माप घेत होता, त्यानेही विचारलं नाही. घर बंद, खिडक्या बंद, स्वयंपाकघर, मोरी, बोळ, दारांच्या फटी — चोख काम केलं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं, कागदावर ती खोली नाही, म्हणून उघडलं नाही. कुलूप लावून आले. चार तास घर उघडायचं नाही ही पाटी दारावर लावली.

चार वाजून दहा मिनिटांनी ती आली आणि पाटी बघितली.

दोन दिवस होत्या आजी दवाखान्यात, मग गेल्या. डॉक्टरांनी ठाम काही लिहिलं नाही. वय होतं, फुप्फुसं आधीच गेलेली होती, औषधाने झालं असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. मी ते वाक्य किती वेळा घोकलंय सांगू? जेवताना घोकलंय. — नाही, ऐका, आता सुरुवात केलीय तर ऐका. चौकशी झाली. एक साहेब आले, मला, तिला, तिच्या भावाला समोर बसवलं. फॉर्मचा कागद काढला. बाई, हा तुम्ही भरलेला? हो. इथे विचारलंय, आजारी किंवा म्हातारं कोणी आहे का, आणि उत्तर 'नाही'. तिने कागद हातात घेतला. आणि म्हणाली, 'मी असं का केलं?' साहेबांना नव्हती विचारत ती. स्वतःलाच विचारत होती. भाऊ उठला आणि बाहेर निघून गेला. त्या दिवसापासून तिच्याशी बोलत नाही तो. शिंप्याने सांगितलं मला — म्हणतो, आई घरात असताना जिने 'नाही' लिहिलं ती माझी कोणी नाही.

आणि मी? मी शेजारच्या खुर्चीत होतो. हे एवढं अंतर, तुमच्या-माझ्यात आहे तेवढंच. एक वाक्य बोलायचं होतं. जीभ हलली नाही. कारण ती टिक मी काढून टाकली होती ना — ज्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला त्याच दिवशी, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी. इतिहासात आहे. कोणी बदललं — मालक. काय बदललं — आधीचं उत्तर 'नाही', आता रिकामं. दोन ओळी आहेत. जगात एवढाच पुरावा आहे की तिने काही केलं नव्हतं. तिने घरी जाऊन फॉर्म परत उघडून बघितला असणार. मी असतो तर मीही बघितलं असतं. आणि तिला काय दिसलं? दोन रिकामी वर्तुळं. म्हणजे तिला वाटलं, आपल्याच बोटाने 'नाही' दाबलं. तेव्हापासून ती तेच धरून बसलीय.

कसं कळलं? अहो, ती भरते ना! दर मंगळवारी, चार वाजून दहाला. चौदा महिने. तो नंबर अडवायचाय मला, समजलं का आता? नाव तेच, पत्ता तोच. आजारी किंवा म्हातारं कोणी — 'हो'. घरात माणसं किती — दोन. दोन लिहिते ती! आणि खाली जो मोकळा चौकोन असतो ना, इतर काही सांगायचं असल्यास, त्यात — 'आई. मागची खोली. दमा आहे. आधी फोन करा.' दर वेळी हेच, शब्द न शब्द. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं कोणी चेष्टा करतंय. मग वाटलं वेड लागलंय तिला. आता वाटतं, ती बरोबर भरून बघतेय. परत परत बरोबर भरतेय.

बायको विचारते, अहो, त्या बाई असं कसं लिहितील हो? मी बोललेय ना त्यांच्याशी, किती जपायच्या आईला. भाजी चिरता चिरता विचारते, अंधारात कुशीवर वळून विचारते. मी म्हणतो, लोकांचं काही सांगता येत नाही. तिला वाटतं मी कंटाळून बोलतोय. तिला जर कळलं — नाही. तुम्ही नाही सांगणार. तुम्ही कशाला सांगाल, तुम्हाला काय पडलीय.

मी आता प्रत्येक घरी स्वतः जातो. प्रत्येक खोलीचं दार वाजवतो, तीनदा. मोरीचं, अडगळीचं, गच्चीवरच्या खोलीचं. रिकाम्या घरातसुद्धा. लंबू म्हणतो, काका, फ्रीजमध्ये पण हाक मारू का? हसतात. हसू देत. त्यांना ऐकू येत नाही. मला येतो ऐकू — खोकला. दाराच्या पलीकडून, बारका, दाबून धरलेला — म्हातारी माणसं नाही का खोकत, कोणाची झोप मोडू नये म्हणून, तसा. उघडतो तर कोणी नसतं. परवा एका कोऱ्या इमारतीत, जिथे अजून कोणी राहायलाच आलेलं नाही, तिथे मी अर्धा तास एका दारापाशी उभा होतो. मास्तरने हाताला धरून खाली आणलं.

तर बंद करून टाकू म्हणतो. तुमचा फॉर्म सुरू, जुनं खातं बंद, नंबर अडवला, विषय संपला. तुम्ही म्हणालात ना, एक बटण आहे. दाखवा कुठलंय. — हे? लाल. बरं. तुम्ही दाबा ना — तुम्हाला नाही दाबता येत? मालकानेच दाबावं लागतं. हो. तेही बरोबरच आहे म्हणा. थांबा जरा. आज मंगळवार ना, किती वाजले?

ऐकलंत? वाजला ना फोन? — आलाच. बघू नका, तोच आहे. मी वाचून दाखवतो, मला पाठ आहे, न बघता सांगतो. आजारी किंवा म्हातारं कोणी — थांबा. चष्मा. कुठे गेला चष्मा — हां. आजारी किंवा म्हातारं कोणी... 'नाही'. 'नाही' लिहिलंय तिने. चौदा महिन्यांत कधी नाही लिहिलं. घरात माणसं किती — शून्य. शून्य म्हणजे काय हो? ती स्वतः राहते ना तिथे? एक तरी लिहायला हवं ना? मग शून्य म्हणजे — खालचा चौकोन रिकामा आहे. काहीच नाही लिहिलेलं. अहो, बोला ना काहीतरी, शून्य म्हणजे काय? ती काही करून तर — सरका, सरका तिकडे, नंबर लावू द्या मला. वाजतोय. उचल. उचल बाई, पाया पडतो तुझ्या, उचल —

हॅलो! हॅलो, मी — पेस्ट कंट्रोल. हो. हो, तोच. ठेवू नका! तुम्ही बऱ्या आहात ना? नाही, ते शून्य बघितलं मी, म्हणून — काय? घर सोडताय. विकलं. असं होय. टेम्पो आलाय. नव्या लोकांसाठी फवारणी, म्हणजे रिकामंच घर. हां. हां हां. बरोबर, मग शून्यच. — घर रिकामं करतायत हो त्या, मी आपला उगाच — हो, ऐकतोय. उद्या चालेल. सकाळी येतो मी स्वतः. बरं. ठेवतो मग.

नाही. ठेवू नका. एक आहे. ऐका ना, एकच मिनिट. तो कागद — त्या साहेबांनी दाखवलेला. त्यावरचं 'नाही' तुम्ही नव्हतं केलं. मी केलेलं. फॉर्ममध्ये आधीपासून होतं ते, सगळ्यांनाच यायचं, मी करून ठेवलं होतं. तुम्ही त्याला हातसुद्धा लावला नव्हता. — ऐकताय ना? — हो. परत सांगतो. तुम्ही 'नाही' म्हणाला नव्हता. मी म्हणालो होतो. मग मी काढून टाकलं, कोणाला दिसू नये म्हणून. — हो. माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं, तुमच्या शेजारी बसलो होतो तेव्हा. चौदा महिने, हो. — पुरावा आहे, तारीख आहे, वेळ आहे, माझं नाव आहे. आत्ता समोर उघडलेलं आहे. — मी काय म्हणू? माफी मागायचं तोंड नाही मला. — काय? कोण आलाय? भाऊ? किल्ल्या घ्यायला... दारात उभा आहे? — हो. सांगतो. त्यांना सांगतो. द्या तुम्ही फोन त्यांच्याकडे. नाही घेतला तर जवळ धरा, मी मोठ्याने बोलतो.

ती हाक मारतेय त्याला. 'दादा' म्हणतेय. उठा तुम्ही, निघा. नाही, काही बंद करायचं नाही, ते तसंच राहू द्या, एका अक्षराला हात लावायचा नाही. तुमच्या फॉर्मचं मग बघू. पिशवी घ्या तुमची. जा म्हणतो ना, तो घेतोय फोन — दार ओढून घ्या जाताना.